गाडी लावून आत बसून राहणारी माणसं

संध्याकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. दोन-चार गाड्यांमध्ये इंजिन बंद, दिवे बंद आणि आत माणूस बसलेला दिसेल. कुणाच्या चेहऱ्यावर मोबाईलचा उजेड असेल, कुणी नुसतंच समोरच्या खांबाकडे बघत असेल. घर तीन मजले वर आहे, लिफ्ट चालू आहे, वर गरम चहा मिळणार आहे, तरी हा माणूस पंधरा मिनिटं झाली उतरत नाही.

कदाचित तुम्हाला चक्कर मारायची गरजच नाही. तो माणूस तुम्हीच असाल.

माझ्याकडे बीपी, शुगर, ॲसिडिटी, डोकेदुखी, झोप न येणं अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी जेवणाबद्दल आणि व्यायामाबद्दल विचारतेच. गेल्या काही वर्षांपासून त्यात एक प्रश्न वाढवला आहे. "दिवसभरात तुम्ही एकटे कधी असता? आणि कुठे?" पूर्वी उत्तरं यायची ती अशी : गच्चीवर, मारुतीच्या देवळात, सकाळी फिरायला जातो तेव्हा. बायकांचं उत्तर बहुतेक वेळा हसून, "बाथरूममध्ये, डॉक्टर. आणि तिथेही कडी वाजवतात." आता मात्र चाळिशीच्या आसपासचे बरेच जण म्हणतात, "गाडीत." मी विचारते, "चालवताना?" तर म्हणतात, "नाही, लावल्यावर."

हे सांगताना बहुतेकांचा चेहरा ओशाळलेला असतो, चोरून सिगारेट ओढत असल्यासारखा. म्हणून आधीच सांगते, यात ओशाळण्यासारखं काही नाही. ओपीडी संपल्यावर मीही बसते. पण असं का होतं, त्याचा उपयोग काय आणि ते कधी काळजीचं होतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट, गाडीत नेमकं काय मिळतं? शांतता म्हणाल तर पार्किंगमध्ये ती फारशी नसतेच. कुणीतरी रिव्हर्स घेत असतं, पोरं सायकली फिरवत असतात, पाण्याचा पंप चालू असतो. तिथे मिळतो तो ताबा. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी गोंगाटाचा माणसावर काय परिणाम होतो यावर बरेच प्रयोग केले आणि १९७२ साली ते पुस्तकरूपाने मांडले. त्यातला एक प्रयोग मला फार आवडतो. लोकांना मध्येच केव्हाही सुरू होणारा कर्कश आवाज ऐकवत काम करायला लावलं. काही जणांजवळ एक बटण ठेवलं आणि सांगितलं, अगदीच असह्य झालं तर हे दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. जवळपास कुणीच ते दाबलं नाही. म्हणजे आवाज सगळ्यांनी सारखाच सोसला. पण नंतर शांत खोलीत दुसरं काम दिल्यावर, ज्यांच्याजवळ बटण होतं ते जास्त चिकाटीने काम करत राहिले आणि त्यांच्या चुकाही कमी झाल्या.

आता तुमचं घर आठवा. पंखा तीनवर की चारवर, यावर चार मतं. टीव्हीचा रिमोट एकाकडे, आवाजाबद्दल तक्रार दुसऱ्याची. दाराची बेल केव्हा वाजेल ते तुमच्या हातात नाही. ऑफिसमध्ये तर काहीच हातात नाही. गाडीत मात्र एसी किती, गाणं कुठलं, सीट किती मागे, काच खाली की वर, दार उघडायचं की नाही, सगळी बटणं तुमच्याजवळ. ती दाबायची गरजही पडत नाही.

अर्विन ऑल्टमन या पर्यावरण-मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली हीच गोष्ट वेगळ्या बाजूने मांडली. त्याच्या मते खाजगीपणा म्हणजे सतत एकटं असणं नव्हे. स्वतःला लोकांसाठी केव्हा उघडायचं आणि केव्हा मिटायचं, हे ठरवता येणं म्हणजे खाजगीपणा. आपल्याकडे या गोष्टीला रोजच्या बोलण्यातला सरळ शब्दच नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? 'खाजगीपणा' सरकारी वाटतो. 'एकांत' म्हटलं की एक तर साधू आठवतात, नाही तर नवविवाहित जोडपं. आणि घरातलं कुणी "मला जरा एकटं राहू द्या" म्हणालं, तर पुढचा प्रश्न ठरलेला, "का? काय झालं? कुणी काही बोललं का?"

शब्द नसला तरी जागा होत्या. वाड्यात माणसं खंडीभर, पण परसदार होतं, माडी होती, माडीवर जाणारा अंधारा जिना होता. बायकांना विहिरीवरची वाट होती. चाळीत गॅलरीचा टोकाचा कठडा आणि गच्ची होती. कैकेयीला रुसायचं तर त्यासाठी राजवाड्यात कोपभवन होतं, म्हणजे रागावण्यासाठी अख्खी वेगळी जागा! (तिने तिथे काय मागितलं तो भाग सोडा.) आजच्या पाचशे फुटांच्या फ्लॅटमध्ये पाच माणसं राहतात आणि आतून कडी लावली तर कुणी कारण विचारणार नाही असं दार एकच, बाथरूमचं. त्यात २०२० साली ऑफिस आणि शाळा दोन्ही त्याच पाचशे फुटांत येऊन बसली. लॅपटॉप घेऊन खाली गाडीत जाऊन मीटिंग करण्याची सवय अनेकांना तेव्हाच लागली. ऑनलाइन समुपदेशन घेणारे माझे काही पेशंट आजही त्या तासाला गाडीतच जाऊन बसतात. घरात आईबद्दल बोलायचं आणि आई स्वयंपाकघरात, हे कसं जमायचं?

दुसरी गोष्ट वेळेची. ऑफिसमधला माणूस आणि घरातला माणूस एकच असला तरी दोन्हीकडे वेगळं वागावं लागतं. दिवसभर आकड्यांवरून वाद घालणारा डोक्याचा भाग बंद करून मुलीचं चित्र बघायचं असतं. २००० साली ब्लेक ॲशफोर्थ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या रोजच्या छोट्या भूमिकाबदलांवर एक लेख लिहिला होता, तो आजही या विषयात आधाराला घेतला जातो. दोन भूमिका जितक्या वेगळ्या, तितका एकीतून दुसरीत जाण्याला वेळ लागतो आणि त्यासाठी माणसं लहानसहान विधी शोधतात, असा त्याचा सूर आहे.

हे आपल्या आजीला लेख न वाचता ठाऊक होतं. उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळपाणी. त्याने पायांवर पाणी घ्यायचं, ओट्यावर घटकाभर टेकायचं. तोवर त्याला कुणी काही विचारायचं नाही. "बिल भरलंस का?" हा प्रश्न पाण्याच्या तांब्यानंतर. आता ओटा गेला, त्या जागी लिफ्ट आली, आणि ती वीस सेकंदांत वर पोचवते. तेवढ्यात डोकं पोचत नाही. म्हणून माणूस ओटा शोधतो आणि तो त्याला ड्रायव्हरच्या सीटवर सापडतो.

शरीराचंही असंच आहे. रहदारीतून गाडी चालवून आलेल्याची नाडी जलद असते, खांदे वर चढलेले असतात, जबडा आवळलेला असतो. ही सगळी सिंपथेटिक मज्जासंस्थेची, म्हणजे 'पळा किंवा लढा' यंत्रणेची कामं. चावी फिरवली की इंजिन बंद होतं, ही यंत्रणा होत नाही. तिला उतरायला काही मिनिटं लागतात. म्हणूनच तर बीपी मोजण्याआधी आम्ही तुम्हाला पाच मिनिटं बसवतो : पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, बोलणं नाही, मोबाईल नाही. धावत जिना चढून आलेल्याचं बीपी लगेच मोजलं तर आकडा खोटा येतो. आणि बघा, पाठ टेकून, पाय खाली ठेवून गप्प बसणं ही गाडीतली बैठकच झाली. त्यात श्वास सावकाश केला, मिनिटाला साधारण सहा, आणि सोडताना घेण्यापेक्षा जरा जास्त वेळ लावला, तर शांत करणारी पॅरासिंपथेटिक यंत्रणा लवकर पुढे येते. त्यासाठी ॲप नको, मोजायला बोटं पुरतात.

मोबाईल मात्र यातलं काही करू देत नाही. गाडीत बसून ऑफिसच्या ग्रुपवरचे मेसेज वाचणारा माणूस अजून ऑफिसातच आहे, फक्त खुर्ची बदलली आहे. रील्स बघणाऱ्याबद्दल मी इतकी कडक नाही. पण दहा मिनिटं म्हणून बसलेला चाळीस मिनिटांनी उठतो आणि उठल्यावर आणखी चिडलेला असतो, असं मला पेशंटच सांगतात.

इथवर वाचून गाडीत बसणाऱ्यांना बरं वाटलं असेल. आता पुण्यातली एक गोष्ट. गॅरी इव्हान्स हा अमेरिकन संशोधक आणि पुणे विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक यांनी मिळून पुण्यातल्या दाटीवाटीच्या घरांत राहणाऱ्या कुटुंबप्रमुख पुरुषांचा अभ्यास केला, तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. घरात गर्दी जास्त तितका मानसिक त्रास जास्त, हे तर दिसलंच. पण तो त्रास कुठल्या वाटेने येतो हे जास्त महत्त्वाचं होतं. दाटीत राहणाऱ्यांना घरच्यांचा, जवळच्यांचा आधार कमी जाणवत होता. इतकी माणसं अंगावर असताना आधार कमी कसा? यावर इव्हान्सने पुढेही बरंच काम केलं. गर्दीपासून वाचायला माणूस आतल्या आत मिटतो, नजर टाळतो, कमी बोलतो. त्याने त्या वेळेपुरतं बरं वाटतं, पण मिटायची सवय लागली की आधार देणाऱ्यांसाठीही दार बंदच राहतं.

हे वाचताना मला एक जोडपं आठवतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवरा सत्तेचाळीस वर्षांचा, शुगर वाढलेली, गोळ्या वाढवूनही आटोक्यात येईना. बायको बरोबर आली होती. तिने तपासणीच्या मध्येच सांगितलं, "हे रोज पाऊण तास खाली गाडीत बसतात. वरून खिडकीतून गाडी दिसते मला." तिच्या मनात काय शंका होती ते तिच्या आवाजातच होतं. तो गप्प. मग म्हणाला, "कुणाशी बोलत नाही मी. नुसता बसतो." घरात त्याचे वडील होते, स्मृतिभ्रंशाचे. संध्याकाळ झाली की त्यांची अस्वस्थता वाढायची, तोच प्रश्न वीस-पंचवीस वेळा विचारायचे, मुलालाच "तुम्ही कोण?" म्हणायचे. "बाबांनी मला ओळखलं नाही की मला सहन होत नाही," तो म्हणाला. "ते झोपले की मी वर जातो."

बायको थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग शांतपणे म्हणाली, "आणि मी? मला कुठे आहे गाडी?"

दोघंही बरोबर होते, हीच अडचण होती. त्याच्या दुःखाला जागा हवी होती. पण त्याची पाऊण तासाची जागा तिच्या पाऊण तासातून कापलेली होती. सरकारने २०१९ साली देशभर केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या बिनपगारी कामांत ज्या बायका भाग घेतात त्यांचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांचे ९७. आणि असं काम करणारे पुरुषच मुळात शंभरात सव्वीस आहेत. तेव्हा पार्किंगमध्ये बसलेला माणूस बहुतेक वेळा पुरुष का असतो, याचं उत्तर मानसशास्त्राच्या पुस्तकात शोधायला नको. त्यातही चारचाकी असणारी घरं देशात शंभरात आठाच्या आसपास. बाकीच्यांकडे असली तर स्कूटर, आणि स्कूटरला दार नसतं. माझ्या एक पेशंट शिक्षिका आहेत, त्या शाळेतून येताना तळ्याच्या कडेला स्कूटर उभी करून हेल्मेट न काढता पाच मिनिटं बसतात. "हेल्मेटच्या आत कुणी ओळखत नाही, आणि रडलं तरी दिसत नाही," असं त्या अगदी सहज म्हणाल्या होत्या.

त्या जोडप्याला मी औषध कमी आणि वेळापत्रक जास्त दिलं. त्याने घरी फोन करून सांगायचं, "खाली आलोय, पंधरा मिनिटांत येतो," म्हणजे शंकेला जागा नाही. वर गेल्यावर वडिलांजवळ तो बसणार आणि ती गाडीची चावी घेऊन खाली जाणार, अर्धा तास. तिला गाडी चालवता येत नव्हती. "मग काय झालं, बसता तर येतं," म्हणाली. ती मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसते, असं नंतर कळलं. वडिलांसाठी संध्याकाळी लवकर दिवे लावणं, दुपारची झोप कमी करणं, चुकीचं बोलले तरी न खोडणं, असे काही उपाय सांगितले, त्यांचा थोडा फायदा झाला. शुगर पुढच्या सहा महिन्यांत हळूहळू उतरली. ती गाडीमुळे उतरली असं म्हणण्याचा मोह मला होतो, पण त्याने रात्रीचं उशिराचं जेवणही बदललं होतं.

गाडी जोडप्यांनाही उपयोगी पडते, हेही सांगायला हवं. सासू-सासऱ्यांसोबत एका बेडरूमच्या घरात राहणारे किती तरी नवरा-बायको 'भाजी आणायला' म्हणून निघतात आणि गाडीत बसून भांडून येतात. भाजी आणायचीही विसरतात. मला यात गैर काही वाटत नाही. घरात दबक्या आवाजात महिनाभर धुमसण्यापेक्षा काचा वर करून वीस मिनिटं बोललेलं बरं. वयात आलेल्या मुलांशी अवघड विषय बोलायचा तर तोही बंद गाडीत बोलून पाहा. दोघांचं तोंड समोर असतं, नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि त्यामुळे सोळा वर्षांचा मुलगाही दोन वाक्यं जास्त बोलतो.

मग हे कधी काळजीचं? मिनिटांवरून मी ठरवत नाही. उतरताना कसं वाटतं ते विचारते. थोडं हलकं वाटून वर जात असाल तर बसा. पण दिवसेंदिवस वेळ वाढत चालला आहे, वर जायच्या विचारानेच छातीत धडधडतं, गाडीत रोज रडू येतं, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ मन लागत नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, तर ती थकव्याच्या पलीकडची गोष्ट आहे. नैराश्याची तपासणी करून घ्या. गाडीत बसून घेतलेली एखादी क्वार्टर ही 'स्वतःची वेळ' नाही, ती रोजची झाली असेल तर त्याबद्दलही डॉक्टरांशी बोला. घरात मारहाण होते म्हणून कुणी गाडीत थांबत असेल, तर तिथे श्वासाचे व्यायाम कामाचे नाहीत, सुरक्षित माणसाकडे जाणं आणि मदत मागणं कामाचं आहे. आणि जगणं नको असा विचार एकदाही मनात आला असेल, तर त्याच सीटवरून १४४१६ हा नंबर लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत, दिवसरात्र चालू, आणि मराठीत बोलता येतं.

शरीराचेही दोन धोके आहेत आणि ते लोकांना खरंच माहीत नसतात. बेसमेंटमध्ये किंवा बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून एसीत बसू नका, झोपू तर मुळीच नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते. आणि गुंगी आलेल्याला आपण थकलोय म्हणून झोप येतेय असंच वाटतं. दुसरा धोका उन्हाचा. उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा साधारण बावीस अंशांनी चढू शकतं आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलाला 'दोन मिनिटांसाठी' गाडीत ठेवून दुकानात जाणाऱ्यांनी हे पुन्हा एकदा वाचावं.

शेवटचं सांगणं पार्किंगमधून जाणाऱ्या बाकीच्यांना आणि वॉचमनकाकांना. गाडी बंद आहे, आत माणूस शांत बसलाय, तर काच वाजवून "काय साहेब, वर नाही जायचं?" विचारू नका. बघितलं न बघितल्यासारखं करून पुढे जा. पण इंजिन चालू आहे, काचा बंद आहेत, माणसाची मान एका बाजूला कलली आहे आणि हाक मारली तरी तो हलत नाही, तर जोरात काच वाजवा. तरीही उठला नाही तर दार उघडा, नाही उघडलं तर काच फोडा, त्याला मोकळ्या हवेत बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा.